मोहाखालची आग, गावावरचा धूर

मार्कंड्याला वैनगंगा दक्षिणेची वाट सोडून काही अंतर उत्तरेकडे वाहते. नदी उत्तरवाहिनी झाली म्हणून हे तीर्थ. काठावर सुमारे हजार वर्षांपूर्वीची कोरीव दगडी देवळे आहेत आणि महाशिवरात्रीला चामोर्शी, गडचिरोली, मूल, गोंडपिपरीकडची माणसे इथे लोटतात. वनखात्याच्या पंचांगात मात्र याच सुमारास वेगळाच हंगाम सुरू होतो. १५ फेब्रुवारी ते १५ जून हे चार महिने आगीचे. जत्रेची दुकाने उठतात आणि सागाची परातीएवढी पाने गळून जमिनीवर कडकडीत वाळतात. मार्च सरता सरता सकाळी नदीच्या पात्रावर जे पांढुरके पसरलेले दिसते ते धुके नसते. चैत्रात इथे धुके पडत नाही.

चामोर्शी तालुक्यात मार्कंडा नावाची दोन गावे आहेत. एक देवळांचे, दुसरे मार्कंडा (कंसोबा). वनखात्याच्या परिक्षेत्राला नाव आहे ते दुसऱ्याचे. बाहेरच्या माणसाचा यात गोंधळ होतो. धूर दोन्हीकडे सारखाच पोचतो.

या भागाला दुष्काळी म्हटले तर मराठवाड्यातला माणूस विश्वास ठेवणार नाही. गडचिरोली जिल्ह्याचा सत्तर टक्क्यांच्या आसपास भाग जंगलाखाली आहे आणि पाऊस सरासरीने हजार मिलिमीटरच्या बराच वर पडतो. पण धानाला सरासरी कळत नाही. रोवणीच्या दिवसांत पंधरवडाभर आभाळ कोरडे राहिले की पऱ्हे पिवळे पडतात, बांधीला भेगा जातात. २०२३ चा ऑगस्ट हा देशातल्या नोंदींमधला, म्हणजे १९०१ पासूनचा, सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या वर्षी राज्य सरकारने प्रथम ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्या यादीत गडचिरोली-चंद्रपूरचा एकही तालुका नव्हता. इथला दुष्काळ बहुतेक वेळा कागदावर न येताच येऊन जातो. तो एप्रिलात दिसतो: बोडीच्या तळाशी, हातपंपाच्या रिकाम्या दांड्यात, नदीच्या वाळूत खोदलेल्या झिऱ्याभोवती. आणि जंगलातल्या आगीतही, हे सहसा कोणी जोडून बघत नाही.

पुढचा संवाद दोघांचा आहे. एक निवृत्त वनपाल, नोकरीची बरीचशी वर्षे याच पट्ट्यात गेलेले. दुसऱ्या मोहफुले आणि तेंदूपत्ता गोळा करणाऱ्या, ग्रामसभेत बोलणाऱ्या एक बाई. माणसे लेखापुरती उभी केली आहेत, बाजू मात्र खऱ्या आहेत. नदीकाठच्या कोणत्याही गावात चहाच्या टपरीवर या दोन्ही ऐकू येतात.

सुरुवात वनपालांनी केली, आणि थेट केली.

"बाई, जंगलाला आग आपोआप लागत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात वीज पडून वणवा पेटल्याचं मी फार कमी पाहिलं. कुणीतरी काडी ओढलेली असते. मोहाखाली पाचोळा जाळायचा, फुलं वेचायची आणि आग तशीच टाकून घरी यायचं. दुपारी वारा सुटला की तीच आग चार कोस जाते."

"काडी आमी ओढतो, खरं आहे," बाई म्हणाल्या. "लपवत नाई. पन कायले ओढतो ते तरी पाहा. मोवाचं फूल रात्री गळते. पहाटे चार वाजता जाऊन बसावं लागते. खाली हातभर पाला असन तर फूल दिसत नाई, हाताले इंचू लागते, साप रायते. एकटी बाई किती झाडं झाडन? अन् उजाडल्यावर ढोरं येते, अस्वल येते, फूल खाऊन जाते. जाळलं तर जमीन चकचकीत होते, एका घंट्यात टोपली भरते."

मोहाचा बहर एका झाडावर दोन-तीन आठवडे टिकतो. तेवढ्या दिवसांत जे वेचले, वाळवले, त्यावर घरातला तेल-मिठाचा खर्च आणि पुढच्या खरिपाचे बियाणे निघते. ज्या वर्षी धान घरात आले त्या वर्षी मोहफूल ही जोडकमाई असते. ज्या वर्षी धान करपले त्या वर्षी तीच मुख्य कमाई होते. म्हणजे कोरड्या वर्षी झाडाखाली जाणारे हात वाढतात, जंगलात पालाही अधिक सुकलेला असतो, जमिनीतला ओलावा आधीच आटलेला असतो. दुष्काळ आणि वणवा एकाच साली वाढतात, त्याचे कारण हवामानात जितके आहे तितकेच घरातल्या कणगीत आहे. १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळातही मध्य प्रांतातल्या माणसांनी मोहफुलांवर दिवस काढले होते.

वनपालांना हे ठाऊक नव्हते असे नाही. त्यांचा मुद्दा पुढचा होता.

"फूल तुमचं आहे, त्याला माझी ना नाही. २०२१ साली मोहफुलावरचे निर्बंधही सरकारने काढले. पण आग फुलापुरती थांबत नाही. साग मोठा असला तर तगतो, त्याची साल जाड. त्याच्या बुडाशी उगवलेली रोपटी जातात. चारोळीचं रोप जातं, बेहड्याचं जातं, मोहाचंही जातं. रानकोंबडीची अंडी जमिनीवर असतात. पाचोळा कुजून माती होते, ती माती पाणी धरते. पाचोळा दरवर्षी जाळला तर पहिल्या पावसाचं पाणी जमिनीत न मुरता राख घेऊन नाल्यात जातं. मग तुम्हीच म्हणता, झिऱ्याला पाणी नाही. मोहाची नवी झाडं तुमच्या जंगलात किती दिसतात? म्हातारीच झाडं उरलीत."

यावर बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. त्यांच्या बाजूनेही हा प्रश्न अवघड आहे. मोहाखाली दरवर्षी जाळले तर मोहाचे पिल्लू वाढत नाही, हे वेचणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर घडते. आजीने वेचलेलेच झाड नात वेचते आहे. ते पडले की त्या जागी दुसरे नाही.

"ते खरं आहे," त्या म्हणाल्या. "पन भाऊ, तुमीबी जाळताच की. हिवाळ्यात जाळरेषा कोन जाळते? तुमची आग शिस्तीची, अन् आमची गुन्ह्याची?"

"जाळरेषा आम्ही रुंदी ठरवून, माणसं उभी करून, गारव्यात जाळतो. वणवा आला तर तिथे थांबावा म्हणून."

"मंग आमालेबी गारव्यात जाळू द्या. माणसं उभी करू."

हे उत्तर वाद घालण्यापुरते नाही. उत्तर ऑस्ट्रेलियात पश्चिम आर्न्हेमलँडमध्ये २००६ पासून नेमके हेच चालते. तिथले आदिवासी वनरक्षक कोरड्या हंगामाच्या सुरुवातीला, गवतात ओल असताना, ठरवून लहान लहान आगी लावतात. त्यामुळे हंगामाच्या शेवटी येणारे प्रचंड वणवे कमी होतात आणि या कामाचे त्यांना पैसे मिळतात. पूर्वजांपासून चालत आलेली रीत तिथे नोकरी झाली. अर्थात तिथला गवताळ माळ आणि चामोर्शीचे सागाचे जंगल एक नव्हे. इथे पाला गळतो तोच उन्हाळ्याच्या तोंडावर, त्यामुळे गारव्यात जाळायचे म्हटले तरी जाळण्याजोगा पाचोळा तेव्हा अर्धाच पडलेला असतो. वनपालांनी हाच आक्षेप घेतला आणि तो बरोबर आहे. पण आग लावणारा तो शत्रू असे न मानता आगीचे ज्ञान असलेला माणूस कामावर घ्यायचा, ही दृष्टी घेण्यासारखी आहे.

कायद्याची दृष्टी नेमकी उलटी आहे. भारतीय वन अधिनियम १९२७ चा. त्याच्या कलम २६ नुसार राखीव जंगलात आग लावणे हा गुन्हा आहेच. शिवाय आग जाणूनबुजून किंवा घोर निष्काळजीपणाने लागली असेल तर त्या जंगलातले चराईचे आणि वनोपजाचे सगळे हक्क सरकार काही काळ थांबवू शकते. काडी एकाने ओढायची आणि मोहफूल अख्ख्या गावाचे बंद. त्याच कायद्याचे कलम ७९ सांगते की जंगलात हक्क असणाऱ्यांनी आगीची खबर दिली पाहिजे आणि ती विझवायला मदत केली पाहिजे. ज्या गावाला हक्क जाण्याची धास्ती, त्या गावाने पहिली खबर द्यावी अशी ही अपेक्षा. शंभर वर्षांच्या आसपास ती चालू आहे आणि आगही चालू आहे.

"मी नोकरीत असताना," वनपाल म्हणाले, "खबर कुणी देत नसे. दूरवर धुराचा लोट दिसला की आम्ही निघायचो. आता देहरादूनहून मोबाइलवर निरोप येतो, अमुक कंपार्टमेंटमध्ये आग. ब्लोअर घेऊन पोरं धावतात, पाला उडवून आगीची वाट तोडतात. पूर्वी हिरव्या डहाळ्यांनी झोडपायचो, तोंड भाजायचं."

देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ पासून उपग्रहांवरून जंगलातल्या आगींवर लक्ष ठेवते. आता ज्या उपकरणाचा मुख्य आधार घेतला जातो त्याचा एक ठिपका ३७५ मीटर लांबी-रुंदीचा, म्हणजे साधारण १४ हेक्टरांचा असतो. महाराष्ट्रातल्या आगींच्या यादीत गडचिरोलीचे नाव वारंवार वर असते. त्याचे एक साधे कारण जंगलच इथे सर्वांत जास्त आहे. ठिपक्यावरून आग कळते. ती मोहाखालची, तेंदूसाठी लावलेली, की रस्त्यावरून फेकलेल्या विडीची, हे कळत नाही. विझवायला निरोप पुरतो. थांबवायला कारण कळावे लागते.

बाईंनी तेंदूचा विषय काढला तेव्हा आवाज चढला.

"मोवाखालची आग दिसते तुमाले. तेंदूची आग कोनाची? जमीन जळली की तेंदूच्या झुडपाले नवी, कोवळी, मोठी पानं फुटते. ती कोनाले पायजे? आमाले एका पुड्याचे पैसे मिळते. सत्तर पानं मोजून पुडा बांधतो. माल तर ठेकेदाराचा."

"झुडपं छाटली तरी तशीच पानं फुटतात. त्यासाठी आगीची गरज नाही."

"छाटायले मजुरी लागते. आगीले आगपेटी लागते."

या एका वाक्यात बराचसा हिशेब आला. छाटणी केली तर जंगल वाचते, पण छाटणीची मजुरी कुणीतरी आधी मोजावी लागते. ती कुणीच मोजली नाही तर सर्वांत स्वस्त मजूर म्हणजे आग. ठेकेदाराची माणसे आग लावतात असे आरोप दर हंगामात होतात. ते कोर्टात टिकण्याएवढे सिद्ध करणे अवघड असते, कारण आग लावणारा दिसत नाही आणि जळाल्यावर पुरावाही उरत नाही.

बाईंनी आणखी एक कारण सांगितले, जे सरकारी पत्रकांत क्वचितच येते. वाघ. १० मे २०२५ रोजी चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला वाघाच्या हल्ल्यात एकाच दिवशी गेल्या. वाकून पाने तोडणाऱ्या, बसून फुले वेचणाऱ्या बाईला झुडपाआड काय आहे ते दिसत नाही. जळलेल्या जागी दूरवर नजर जाते. "तुमी हिरवं जंगल पायता," त्या म्हणाल्या, "आमी आधी मोकळी नजर पायतो." वनपालांकडे याला तयार उत्तर नव्हते. गटाने जा, उजाडल्यावर जा, असे खाते सांगते. पण उजाडल्यावर फूल उरत नाही, हे त्यांना स्वतःलाच माहीत होते.

मग धुराचे बोलणे निघाले आणि बाजू बदलल्या.

पहाटे हवा थंड आणि जड असते. रात्रभर धुमसणाऱ्या लाकडाचा, पाचोळ्याचा धूर वर जात नाही, नदीच्या खोलगट पात्रात आणि गावाच्या गल्लीत साचून राहतो. नऊ-दहा वाजता ऊन तापले की तो उठतो. म्हणजे धूर सर्वांत दाट असतो ती नेमकी मोहफूल वेचण्याची वेळ. बाई आग लावतात आणि त्या आगीच्या धुरात सर्वांत जास्त वेळ त्याच बसतात, पाठीला किंवा बाजूला लेकरू घेऊन. घरी आल्यावर चुलीचा धूर वेगळा.

"डोळे चुरचुरते, छातीत खरखर होते," त्या म्हणाल्या. "लहान पोराले रात्री धाप लागते. दवाखान्यात विचारते, घरी कोनी बिडी ओढते का? जंगल धुरते, हे कोनी लिहीत नाई."

लहान मुलांची छाती हा गडचिरोलीत नवा विषय नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने याच जिल्ह्यातल्या गावांत न्यूमोनियावर काम केले. गावातल्याच माणसांना बाळाचा श्वास मोजायला आणि औषध द्यायला शिकवले तर बालमृत्यू कमी होतात, हे त्यांनी दाखवले आणि ते १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. श्वास मोजायला गाव शिकले. धूर मोजायला अजून शिकायचे आहे. देशाच्या मानकानुसार हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचे २४ तासांचे प्रमाण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये तीच मर्यादा १५ सांगितली. हे मोजणारी यंत्रे शहरांकडे बघत बसवलेली असतात.

"शहराचं विचारूच नका," वनपाल म्हणाले. "चंद्रपूरला माझी मुलगी राहते. तिथे बारा महिने धूर."

चंद्रपूरला कोळशाच्या खाणी, सिमेंट आणि २९२० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात हे शहर ८३.८८ गुणांसह देशात चौथे प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरले होते. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातही त्याचे नाव आहे. त्या धुराला मोजमाप आहे, मंडळ आहे, निधी आहे. आणि तो धूर कुणाचे पोट भरतो म्हणून त्याला परवानाही आहे. बाईंना हेच बोचत होते: "कारखान्याचा धूर रोजगार, अन् मोवाचा धूर गुन्हा." हा युक्तिवाद जोरकस आहे, पण पुरता खरा नाही. दुसऱ्याचा धूर मोठा म्हणून आपल्या धुरातले लेकरू कमी खोकत नाही. वनपालांनी हे हळू आवाजात सांगितले आणि बाईंनी मान डोलावली.

चामोर्शीकडून नदी ओलांडून गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव आहे. या गावाला वनहक्क कायद्याखाली २०१२ साली सुमारे १००० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ग्रामसभेने नियम केले, आणि त्यातला एक धाडसी होता: तेंदूपत्ता तोडायचा नाही. कारण त्यासाठी फांद्या छाटल्या जातात, आगी लागतात, आणि टेंभरे, म्हणजे तेंदूची फळे, खायला मिळत नाहीत, ना माणसांना ना पाखरांना. हातचा पैसा गावाने सोडला. माधव गाडगीळ यांनी या गावाविषयी आवर्जून लिहिले आहे. धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) या गावाने त्याआधीच वाट दाखवली होती. २००९ मध्ये तिथे हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती आला.

वनपालांना पाचगाव फार आवडते. "बघा, गावाने ठरवलं की होतं."

"होते," बाई म्हणाल्या, "पन पाचगावले बांबू आहे. बांबूचे पैसे आले म्हनून तेंदू सोडता आला. आमच्याकडे ज्याच्या जंगलात बांबू नाई त्यानं काय सोडावं? धान गेलं, तेंदू सोडला, मोवाखाली जाळायचं नाई. मंग सुरतेले जावं का हैदराबादले?"

पाचगावची गोष्ट सांगताना नेहमी निर्धार सांगितला जातो, बांबू मागे राहतो. दोन्ही सांगायला हवेत. जंगल आपले आहे हा कागद आणि आग न लावताही चूल पेटेल एवढी कमाई, यातले एक नसले तर दुसरे फार दिवस पुरत नाही.

मग काय करता येईल यावर दोघे आले. मोहाखाली जाळी किंवा जुनी लुगडी अंथरायची, फूल वरच पडते, जाळायचे काम उरत नाही. बाईंचे म्हणणे, जाळी झाडाच्या घेराएवढी लागते, रात्री रानडुकरे फाडतात, आणि एका घराकडे पाच-सात झाडे असतात. वनपालांचे म्हणणे, मग निदान पाला झाडून गोल रिंगण करा, आग त्या रिंगणातच राहील. बाई म्हणाल्या, झाडतो, पण त्या दिवसाची मजुरी कोण देईल?

इथे वनपालांना जे सुचले ते या सगळ्या बोलण्यातले सर्वांत कामाचे होते. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळातून उभी राहिली. तिचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. तीच कल्पना पुढे देशभर गेली. दुष्काळात माणसाला गावातच काम मिळावे, आणि त्या कामातून पुढचा दुष्काळ हलका व्हावा, हा तिचा गाभा. माती खोदणे हे त्यात काम धरले जाते, बांध घालणे काम धरले जाते. फेब्रुवारीत मोहाखालचा पाचोळा ओढून खड्ड्यात कुजवणे हे काम का धरू नये? त्या वेळी शेतात धान नसते, हात रिकामे असतात. पाचोळ्याचे खत बांधीला जाईल, आगीला खाद्य उरणार नाही, पहाटेची हवा स्वच्छ राहील.

"रोजगार हमीत माप लागते," बाई म्हणाल्या. "माती घनमीटरनं मोजते. पाचोळा कसा मोजन? आज ढीग केला, उद्या वाऱ्यानं गेला."

"झाडावर मोजायचा. एका मोहाखाली इतक्या हाताचं रिंगण, त्याला इतकी मजुरी. झाडांना नंबर घालता येतात, ग्रामसभेकडे यादी असते कुणाचं कोणतं झाड."

"अन् तेंदूची छाटणी?"

"तीही त्यातच. ठेकेदाराला लिलावाच्या अटीतच घाला: तोडीआधी आग लागली तर त्या भागाचा पैसा कापू."

"त्याचे पैसे कापता येईन. आमचे कापू नका."

"तुमचे का कापू?"

"कलम आहे ना तुमचं. एकानं जाळलं तर सगळ्याचं बंद." त्यांनी पदराने चेहरा पुसला. "ठराव आमी करतो. झाडांची यादी लिहितो, रिंगण झाडतो, आग लागली तर खबर देतो. पन माप कोन लिहीन? नाकेदार, का आमची बारावी झालेली पोरगी?"

"पोरगी लिहील. नाकेदार तपासून सही करेल."

"मंग सही फेब्रुवारीत पायजे, भाऊ. मागं एका कामाचे पैसे पाऊस लागल्यावर आले. मोव तोवर थांबत नाई."

"पंधरा जानेवारीला यादी द्या. मी स्वतः घेऊन जातो रेंज ऑफिसात."

"पंधरा जानेवारीले संक्रांतीची धांदल रायते. दहा तारखेले या, चामोर्शीच्या स्टँडवर. अन् येताना तो कलम सव्वीसचा कागद मराठीत आना, ग्रामसभेत वाचून दाखवायचा आहे."

वनपालांनी खिशातून डायरी काढून तारीख लिहिली, आणि त्याखाली मोहाच्या झाडांसाठी नंबर घालायला किती रंग लागेल त्याचा अंदाज.